कर्ज गेलं, ईएमआय आला: विकणाऱ्यांची भाषा आपल्या तोंडात कशी बसली?

मंगळवारपेठकर (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

आमच्या कोल्हापुरातल्या पेठेत कुणी नवी गाडी घेतली की कट्ट्यावर पहिला प्रश्न असायचा, "रोखीनं का कर्ज काढून?" कर्ज म्हटलं की पुढचं आपोआप यायचं. किती काढलं, व्याज काय दरानं, जामीन कोण राहिलं, फिटणार कधी. आता तोच माणूस सांगतो, "गाडी ईएमआयवर उचलली." समोरचा फक्त एवढंच विचारतो, "महिन्याला किती बसतंय?" एकूण किती जाणार, हे कुणी काढत नाही. कर्ज तेच, डोक्यावरचा बोजाही तोच, फक्त विचारपूस बंद झाली.

शब्द इंग्रजी आहे का मराठी, यावर मला वाद घालायचा नाही. टेबल, स्टँड, रिक्षा, बिल हे सगळे आपलेच झालेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. मला खटकतं ते वेगळं. रोजच्या वापरातल्या जुन्या शब्दाला काही प्रश्न चिकटलेले असायचे. विकणाऱ्याकडून आलेला शब्द त्या प्रश्नांची देठं खुडूनच आपल्या हातात येतो, आणि आपण तो तसाच घरात, कट्ट्यावर, पाहुण्यांत वापरायला लागतो.

"नो कॉस्ट ईएमआय" घ्या. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना कळवलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं. क्रेडिट कार्डावरच्या असल्या योजनांत व्याज हे प्रोसेसिंग फी म्हणून लपवून वसूल केलं जातं. त्यानंतर पाटी बदलली, "झिरो पर्सेंट"च्या जागी "नो कॉस्ट" आलं. आजही अनेक ठिकाणी रोखीनं घेणाऱ्याला जी सूट मिळते ती हप्तेवाल्याला मिळत नाही, आणि कार्डावर हप्ते केले तर व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी वेगळा पडतो. पण शब्दातच "कॉस्ट नाही" म्हटल्यावर माणूस विचारणार तरी काय?

आता घराचं बघा. आमच्या जुन्या घरात सोपा होता, माजघर होतं, न्हाणी होती, मागं परडं होतं. त्या प्रत्येक शब्दात तिथं काय चालतं हे असायचं. सोप्यात आल्या-गेल्याला बसवायचं, परड्यात म्हस आणि सरपण. मध्यंतरी भावाच्या कुटुंबाबरोबर शहराच्या कडेला एक फ्लॅट बघायला गेलो. माहितीपत्रकावर "प्रीमियम लिव्हिंग", "स्पेशियस", "लाइफस्टाइल अमेनिटीज". वहिनींनी तिथल्या पोराला तीन प्रश्न विचारले. पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ? वाळवण कुठं घालायचं? गावाकडनं चार माणसं आली तर अंथरूण कुठं पडणार? पोरगा भला होता, पण त्याला शिकवलेल्या शब्दांत यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं. तो पुन्हा पुन्हा "मॅडम, क्लब हाऊस आहे" म्हणत होता.

आणि जागा? पत्रकावर ९५० स्क्वेअर फूट, करारनाम्यात ६४०. मधल्या ३१० ला त्यांच्याकडं शब्द आहे, "लोडिंग". ९५० ला म्हणायचं "सेलेबल". महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण आहे. रेरा कायद्यानं कार्पेट एरियाची व्याख्या केली आहे: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, तुमची बाल्कनी आणि उघडं टेरेस धरायचं नाही. विक्रीसुद्धा कार्पेटवरच करायची. कायदा होऊन इतकी वर्षं झाली, तरी पाहुण्यांना सांगताना भाऊ म्हणतो, "साडेनऊशेचा फ्लॅट बघितलाय." विकणाऱ्याचा आकडा घरातल्या बोलण्यात मुरला, म्हणतात तो असा.

तुमच्या धंद्यातले, घरातले असे शब्द सांगा. जुना शब्द कुठला गेला आणि त्याबरोबर कुठला प्रश्न गेला, एवढं जरूर लिहा.

---

कळंबेकर

शाळा. आधी विचारायचे, "मास्तर कोण आहेत? गणित कोण शिकवतं?" आता "इंटरनॅशनल आहे" एवढं बास होतं. बिल्डिंग, बस, युनिफॉर्म यावर तासभर बोलतात, शिकवणारं कोण ते कुणाला माहीत नसतं. आणि ॲडमिशनला "पॅकेज" म्हणतात हे मी याच वर्षी पहिल्यांदा ऐकलं.

---

गुऱ्हाळकाठी

धागा काढलात ते बरं केलंत दादा. आमचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे, आजोबांपासून. गुळाच्या बाबतीत ही भाषा काय करते ते मी दोन्ही बाजूंनी बघितलंय.

शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली ती गुळाच्या बाजारासाठी. दिवाळी पाडव्याला सौदे निघतात तेव्हा अजूनही रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, रंग आधी बघतात. पिवळाधमक रवा वर, तांबूस रवा खाली, असा भाव. रंग काढायचा म्हणून काहिलीत, म्हणजे रस कढवायच्या कढईत, हायड्रॉस ही रंग उजळवायची रासायनिक पावडर पडायला लागली. शेतकऱ्याला हौस नव्हती तिची. मुंबई-गुजरातकडचं गिऱ्हाईक पिवळा मागायचं, आणि पिवळा म्हणजे "स्वच्छ" हे त्यांच्या मनात व्यापारानंच बसवलं होतं.

आता उलटं झालंय. पाकिटावर "केमिकल फ्री" छापायचं तर गूळ काळपट पाहिजे. गिऱ्हाईक रंग बघूनच ठरवतंय, फक्त रंग बदललाय. काळपट गूळ रस जास्त कढला, काहिलीला लागला, ऊस जुना होता किंवा रानाची जमीन खारी होती तरी होतो. काळा दिसला म्हणजे औषध पडलं नाही, असं काही नसतं.

आणि "केमिकल फ्री" हा शब्दच मला कळत नाही. रसात चुना घालावा लागतो, त्याशिवाय गूळ नीट बसत नाही. चुना हे काय मग? मळी काढायला आम्ही भेंडीचं पाणी वापरतो. भेंडीची झाडं ठेचून भिजवायची, तो चिकट रस काहिलीत सोडायचा, मळी वर येते, ती झाऱ्यानं काढायची. सगळा खेळ गुळव्याच्या, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराच्या हातात. थेंब पाण्यात टाकून गोळी बघतो आणि सांगतो, "उतरवा." अर्धा मिनिट इकडं-तिकडं झालं तर रवा बसत नाही.

पूर्वी बारके व्यापारीसुद्धा येऊन विचारायचे, गुळव्या कोण हाय यंदा? ऊस लावण (नवा लावलेला) का खोडवा (तोडीनंतर पुन्हा फुटलेला)? भेंडी का पावडर? आता पुण्यावरनं फोन येतो: "ऑरगॅनिक आहे का?" मी म्हणतो, ऊस आमचा, शेणखत घालतो, थोडा युरिया पण पडतो, गुळात हायड्रॉस नाही. ते म्हणतात, "म्हणजे ऑरगॅनिक ना?" हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर फोन ठेवतात. खरं सांगायला मधला शब्दच उरलेला नाही.

कायद्यानं सेंद्रिय म्हणायचं तर एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सरकारमान्य योजनांचं प्रमाणपत्र लागतं, पाकिटावर "जैविक भारत"चं चिन्ह लागतं. किती पाकिटांवर बघितलंय तुम्ही?

---

अक्षरजुळणी

मी कोल्हापुरातल्या छोट्या दुकानदारांसाठी जाहिराती आणि इन्स्टाग्रामच्या पोस्ट लिहिते. हेच माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळं या धाग्यावर दुसरी बाजू मांडायला हवी असं वाटलं.

एक तर, जुनी भाषा फार प्रामाणिक होती असं धरून चाललंय. महाद्वार रोडवरच्या जुन्या पाट्या आठवा. "आमची कोठेही शाखा नाही." "अस्सल." "शुद्ध." "घरगुती खानावळ." खानावळ घरगुती कशी असेल? पैसे घेऊन शंभर माणसं जेवतात तिथं. डालडा आला तेव्हा डब्यावर "वनस्पती तूप"च म्हणत होते ना? मग वाण्याकडं नुसतं "तूप द्या" म्हणून भागेना, "साजूक का डालडा?" हे आधी ठरवावं लागायला लागलं. विकणारे तेव्हाही शब्द फिरवतच होते. फरक एवढाच, की तेव्हा पाटी दुकानावर असायची, आता ती दिवसभर हातात असते.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. माझी मावशी बचत गटात आहे. आख्खं आयुष्य तिनं कांदा-लसूण चटणी केली. मिरच्या निवडायच्या, ऊन द्यायचं, मसाला भाजायचा, डंकावर उभं राहायचं, डोळ्यांतनं पाणी. आणि मग नणंदेला, जावेला, मुंबईच्या पाहुण्यांना डबे भरून द्यायचे. "तुमच्या हातची चव कुठं मिळत नाही" एवढ्यावर सगळं फिटायचं. एक रुपया कुणी कधी दिला नाही आणि मागायची सोय नव्हती. आज त्याच चटणीच्या पाकिटावर "होममेड, स्मॉल बॅच" लिहिलंय आणि किलोला भाव आहे. तो शब्द मी लिहिला. "हातची चव" या शब्दाला कुठलाच प्रश्न चिकटलेला नव्हता, "कष्टाचे किती द्यायचे?" हा तर नाहीच.

पण धागाकर्त्यांचं एक अगदी मान्य आहे. माझ्याकडं दुकानदार येतो आणि सांगतो, "प्रीमियम टाका." मी विचारते, कापड कुठलं, धागा कुठला, रंग जातो का? त्याला ते सांगायचं नसतं. कधी माहीतही नसतं. मग उरतं काय? "एलिगन्स", "हेरिटेज", "रॉयल". वस्तूबद्दल सांगण्यासारखं जितकं कमी, तितकी विशेषणं जास्त, हा माझा रोजचा अनुभव आहे. आणि "फक्त आज", "शेवटचे दोन नग" हे लिहायला मी आता साफ नकार देते. नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या नियमांत ऑनलाइन विक्रीतल्या १३ फसव्या क्लृप्त्या दिल्यात, खोटी घाई त्यात येते. नियम दाखवला की गिऱ्हाईक माझ्यावर चिडत नाही, हा फायदा.

---

मंगळवारपेठकर

अक्षरजुळणी ताई, मावशींच्या चटणीचा मुद्दा वाचून थांबलो. तुम्ही म्हणता तसं "हातची चव" हा शब्दही एक प्रश्न दाबूनच बसला होता. म्हणजे जुना शब्द भला आणि नवा वाईट अशी वाटणी होत नाही. कसोटी तीच ठेवू या: या शब्दानं कुणाला काय विचारता येतं आणि कुणाची बोलती बंद होते.

---

निशिगंध

मी सरकारी आरोग्य केंद्रात नोकरी केली, आता निवृत्त आहे. या कसोटीवर एक उदाहरण देते, कारण पुरुष मंडळी ते देणार नाहीत.

आमच्या लहानपणी पाळीला शब्द काय होते? "बाहेरची", "कावळा शिवला", "अडचण". या शब्दांतून मुलीला कळायचं एवढंच की कुठं बसायचं नाही आणि कशाला शिवायचं नाही. किती दिवस रक्त जाणं ठीक, किती वेदना सोसण्यासारख्या, गाठी पडल्या तर काय करायचं, हे विचारायला भाषाच नव्हती. केंद्रात बायका यायच्या आणि "अंगावरून जातंय" एवढं म्हणून गप्प व्हायच्या. पुढचं आम्हाला खोदून काढावं लागायचं.

टीव्हीवर पॅडच्या जाहिराती लागायला लागल्या. निळं पाणी ओतून दाखवायचे, ते काही खरं नव्हे. पण त्यातनं "पॅड" आणि "पिरियड" हे दोन शब्द खेड्यापाड्यातल्या मुलींच्या तोंडी आले. सातवीतली मुलगी "मॅडम, पिरियड लवकर येतोय" असं सरळ म्हणायला लागली, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मेडिकलमध्ये अजूनही कागदात गुंडाळून देतात, पण मागायला शब्द आहे. पॅडवरचा १२ टक्के जीएसटी २०१८ मध्ये रद्द झाला, तोसुद्धा देशभर मुली आणि बायका उघड बोलल्या म्हणून. कंपन्यांनी समाजसेवा केली असं मी म्हणत नाही. विकायचं होतं म्हणून बोलल्या, पण त्या बोलण्यानं आमचं काम सोपं झालं.

आता त्याच जाहिराती पुन्हा लाज विकायला लागल्या आहेत, हेही सांगते. "फ्रेश", "कॉन्फिडन्स", "इंटिमेट वॉश". निरोगी शरीराला काही वास असतो, तो रोग नव्हे. चांगल्या शिकलेल्या मुली येऊन विचारतात, "मॅडम, कुठलं वॉश वापरू?" खरं विचारायला हवं, "मला काही झालंय का?" बहुतेक वेळा उत्तर असतं, काही झालेलं नाही, साधं पाणी पुरे.

---

कोथरूडचा_कोल्हापूरकर

आपल्या गावाच्या नावाचंच काय झालंय ते कुणी लिहिलं नाही अजून. इकडं पुण्यात, मुंबईत, अगदी दिल्लीतही मेनूकार्डावर "व्हेज कोल्हापुरी" असतं. आमच्या घरात ही भाजी कधी झाली नाही. लाल रंग, वरती तेल, खाऊन डोळ्यांत पाणी, म्हणजे कोल्हापुरी. ऑफिसात कुणाला गाव सांगितलं की पहिलं वाक्य येतं, "बापरे, तुम्ही तिखट खाता!"

आणि पांढरा रस्सा? मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू, त्यात लाल मिरचीचं नाव नाही. तांबड्याच्या वाटीशेजारी पांढऱ्याची वाटी येते. दोन्ही मिळून ते ताट होतं. "कोल्हापुरी म्हणजे तिखट" या एका विशेषणानं अर्धं ताट पुसून टाकलं.

मला जास्त वाईट वाटतं ते यापुढं. सुट्टीला गावी आलो की जाणवतं, बाहेरच्या पाहुण्यांसाठी काढलेल्या हॉटेलांत रस्सा दरवर्षी आणखी लाल होतोय. पाहुणे जे वाचून आलेत तेच त्यांना वाढायचं. आणि "जगात भारी" आपणच टी-शर्टावर घालून फिरतोय. मी पण घालतो, प्रेमानं घालतो. पण कुणी विचारलं, "भारी म्हणजे काय आहे तुमच्यात?" तर शाहू महाराजांनी १९०२ मध्ये संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, हे किती जण सांगतील?

---

पायताण

आमचा चपलेचा धंदा, पिढ्यानपिढ्या. तुमचा धागा घरात मोठ्यानं वाचला, वडिलांनी ऐकला. ते म्हणाले ते लिहितो.

आधी गिऱ्हाईक दुकानात आलं की नाव घेऊन मागायचं. कापशी द्या. पुकारी आहे का? बक्कलनाळी दाखवा. शेतात जाणारा जाड तळाची मागायचा, नवरदेव करकर वाजणारी. मग तळ किती पदरी, शिलाई वादीची का दोऱ्याची, कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं का, हे सगळं उलटून बघायचं, वास घेऊन बघायचं. आता सगळं मिळून एकच, "कोल्हापुरी". त्याच्या पुढं "एथनिक". रेक्झिनची, खिळे ठोकलेली, रबरी तळाची, मशीनवर हजारोंनी निघालेली जोडी पण "कोल्हापुरी" आणि आमची पण "कोल्हापुरी". तीनशेची आणि तीन हजारांची जोडी एका नावाखाली ठेवली तर गिऱ्हाईक आम्हालाच विचारणार, "तुम्ही एवढे का घेता?"

२०१९ मध्ये जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचं कायदेशीर मानांकन, मिळालं. महाराष्ट्रातले चार जिल्हे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि कर्नाटकातले चार, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. म्हणजे कायद्यात नाव राखलं. आणि जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं तसलीच चप्पल दाखवली, तेव्हा लिहिलं काय तर "लेदर सँडल्स". इथं नाव ओरडून विकतात आणि आत माल नसतो. तिथं माल उचलला आणि नावच गाळलं. गावातनं ओरड झाल्यावर त्यांनी मूळ भारतीय कारागिरीचं आहे हे मान्य केलं.

वडिलांचं म्हणणं, "कोल्हापुरी" म्हणून मागू नका, कापशी का पुकारी ते सांगून मागा. नाव घेतलं की दुकानदाराला कळतं, समोरच्याला समजतंय. मग तो रेक्झिन पुढं करत नाही.

---

गंगावेसकर

दुधावर लिहितो. आमच्या गंगावेशीच्या कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी येतात, समोर धार काढतात, पेल्यात फेस येतो, उभ्या-उभ्या पितात. याला धारोष्ण म्हणतात. पिणाऱ्यानं म्हस बघितलेली असते, कासेत पाणी लावलं का ते बघितलेलं असतं, गवळ्याचं नाव माहीत असतं. दुसऱ्या शहरांत याच गोष्टीला "फार्म फ्रेश" म्हणून बाटलीत विकतात, आणि म्हस कुठली ते कुणाला माहीत नसतं.

पण आता आमच्याकडंच लोक विचारायला लागलेत, "ए-टू आहे का?" गंमत म्हणून सांगत नाही, खरंच विचारतात. ए-वन, ए-टू हा भेद दुधातल्या एका प्रथिनाचा आहे, बीटा केसीनचा, आणि तो मुख्यतः गाईंच्या जातींबद्दल बोलला जातो. म्हशीचं दूध मुळातच ए-टू प्रकारचं असतं. म्हणजे गंगावेशीत आमचे आजोबा-पणजोबा पंढरपुरी म्हशीचं पीत होते ते ए-टूच. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं (एफएसएसएआय) कंपन्यांना पाकिटावरून हे ए-वन, ए-टू काढा म्हणून सांगितलं, आणि आठवड्याच्या आत तो आदेश मागंही घेतला. शब्द राहिला, भाव दुप्पट राहिला.

विचारायचंच असेल तर विचारा: म्हस काय खाते, धार कधी काढली, पाणी घातलं का. आमचा गवळी तिन्हीचं उत्तर देतो.

---

ग्राहकहक्क

वरच्या बऱ्याच गोष्टींवर कायद्याचा आधार आहे, थोडक्यात देतो. वकिली करतो म्हणून.

फ्लॅट: रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणं जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात दिलेल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते, प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर सगळी रक्कम व्याजासह परत. म्हणून माहितीपत्रक फेकू नका, जपून ठेवा. ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात घरांच्या जाहिरातीवर क्यूआर कोड टाकणं बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की महारेराच्या नोंदीतलं खरं कार्पेट दिसतं. धागाकर्त्यांच्या भावाला हे आधी करायला सांगा.

दिशाभूल करणारी जाहिरात: ग्राहक संरक्षण कायदा २०१९. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं दावा ज्या भाषेत आहे, तळटीपही त्याच भाषेत हवी. मोठ्या अक्षरात मराठी आणि खाली बारीक इंग्रजी, हे चालत नाही.

"नॅचरल", "ऑरगॅनिक", "इको-फ्रेंडली": ऑक्टोबर २०२४ च्या सूचनांनुसार पर्यावरणाचा दावा करणारे असे मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि खुलाशाशिवाय वापरता येत नाहीत.

"हेल्थ ड्रिंक": एप्रिल २०२४ मध्ये केंद्रानं ऑनलाइन विक्रेत्यांना या नावाच्या यादीतून अशी पेयं काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात "हेल्थ ड्रिंक" अशी व्याख्याच नाही. एका पिढीच्या आयांनी त्या शब्दावर भरवसा ठेवून पोरांना साखर पाजली. माझ्या आईनंही. याचा मला मनापासून राग आहे.

---

मंगळवारपेठकर

ग्राहकहक्क, क्यूआर कोडचं लगेच भावाला कळवलं. त्यानं स्कॅन केला, ६४० च आहे. आज जेवताना घरात पहिल्यांदा "सहाशे चाळीसचा फ्लॅट" असा शब्द निघाला. घ्यायचा का नाही हे आता त्या आकड्यावर ठरेल.

गुऱ्हाळकाठी, तुमचं "मधला शब्दच उरलेला नाही" हे डोक्यातनं जात नाही. अक्षरजुळणी ताईंना एक विनंती. तुम्ही पोटासाठी लिहिता हे माहीत आहे, पण या गुळाच्या पाकिटासाठी एकदा लिहून बघाल का? "केमिकल फ्री" नको, "ऑरगॅनिक" नको, आणि तरी पुण्याच्या माणसानं फोन ठेवू नये.

---

अक्षरजुळणी

बघते लिहून. गुऱ्हाळवाले दादा, चुकलं तर सांगा:

"करवीर तालुक्यातल्या आमच्या गुऱ्हाळावरचा गूळ. ऊस आमच्याच रानातला, जात को ८६०३२. खत: शेणखत आणि थोडा युरिया. मळी काढायला भेंडी. रसात चुना आहे, हायड्रॉस नाही. रंग दर काहिलीला थोडा बदलतो."

---

गुऱ्हाळकाठी

ताई, हे वाचून आमच्या म्हाताऱ्यांनी दोनदा वाचायला लावलं. युरिया छापायचा का, यावर घरात वाद झाला. थोरला भाऊ नको म्हणत होता. शेवटी छापायचं ठरलं, कारण फोनवर आम्ही तसंही खरंच सांगतो.

दोन गोष्टी घाला. गुळव्याचं नाव, त्यानं हो म्हटलंय. आणि लावणीचा ऊस आहे, खोडवा नाही.

---

निशिगंध

तारीख पण घाला की. काहिली कधी उतरली ते. मी गूळ घेताना सगळ्यात आधी तेच विचारते.

---

गुऱ्हाळकाठी

घालतो मावशी. रव्यावर आधीपासनं चुन्यानं लिहीत होतोच, आता पाकिटावर पण येईल.